रेंज फुल, नेट ढिम्म: दर संध्याकाळी परत येणारी तक्रार

तक्रार ठरलेली असते. "रेंज फुल आहे, कॉल लागतो, आवाज स्वच्छ येतो, पण संध्याकाळी सात वाजले की नेट चालतच नाही. सकाळी उठून बघावं तर मस्त पळतंय." तिकीट (तक्रारीची नोंद) उघडलं जातं, कुणीतरी साइटवर जाऊन अँटेना दोन अंश खाली वाकवतं, चार दिवस बरे जातात, तिकीट बंद होतं. महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या.

मोबाइल नेटवर्कच्या ऑप्टिमायझेशनमध्ये काम करताना असं एक तिकीट मी तीन वेळा बंद केलं. पहिल्यांदा टिल्ट (अँटेनाचा झुकाव) बदलला, दुसऱ्यांदा शेजारच्या सेलकडे (टॉवरवरच्या एका अँटेनाने सांभाळलेल्या भागाकडे) थोडा भार ढकलला, तिसऱ्यांदा नवा कॅरिअर (स्पेक्ट्रमचा आणखी एक पट्टा) मागून घेतला. चौथ्यांदा तेच तिकीट समोर आलं तेव्हा मी शेड्युलरची, म्हणजे कुणाला कधी किती डेटा पाठवायचा हे ठरवणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग्ज उघडली. खरं तर ती पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. सेलची क्षमता म्हणजे टॉवरवर कोरलेला आकडा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच टॉवरची, त्याच स्पेक्ट्रमची क्षमता वाटपाच्या पद्धतीनुसार चौपट वर-खाली होऊ शकते. ते कसं होतं आणि ते पकडायचं कसं, ते सांगतो.

आधी आलेख काढा

संध्याकाळी नेट मंदावण्याची कारणं बरीच असतात. त्यामुळे कशालाही हात लावण्याआधी एक आलेख काढा: सेलने पाठवलेला एकूण डेटा, वापरले गेलेले रिसोर्स ब्लॉक (स्पेक्ट्रमचे वाटता येणारे छोटे तुकडे) आणि त्या वेळी डेटा मागणारे वापरकर्ते. दर पंधरा मिनिटांचा, सलग सात दिवसांचा.

ब्लॉक भरले आहेत आणि एकूण डेटा वर जाऊन सपाट झालाय, असं दिसलं तर ती सरळसोट गर्दी आहे. सेल आपली पूर्ण ताकद लावतोय, माणसंच जास्त आहेत. तिथे नवा कॅरिअर किंवा नवी साइट हाच उपाय.

ब्लॉक निम्मे रिकामे आहेत आणि तरी नेट हळू आहे, तर अडथळा दुसरीकडे आहे. टॉवरपासून मागे जाणारी ट्रान्समिशन लाइन भरलेली असेल, नाहीतर कंट्रोल चॅनेल. कंट्रोल चॅनेलबद्दल पुढे येईलच.

तिसरा प्रकार डोळ्यांत भरतो. सात वाजता वापरकर्ते वाढतात, ब्लॉक शंभर टक्क्यांच्या आसपास जातात, आणि नेमका तेव्हाच सेलने पाठवलेला एकूण डेटा खाली येतो. दुपारी चार वाजता कमी माणसांना जास्त डेटा मिळत होता, आता जास्त माणसांना मिळून त्याहून कमी. ही नुसती गर्दी असू शकत नाही. गर्दीने प्रत्येकाचा वाटा कमी होतो, एकूण बेरीज घसरायचं कारण नाही. बेरीज घसरतेय म्हणजे प्रत्येक ब्लॉकमागे जाणारे बिट कमी झालेत. माझ्या तिकिटात हाच आलेख होता, आणि तीन वेळा मी त्याच्या वरच्या अर्ध्या भागाकडेच पाहिलं होतं.

वाटला जातो तो वेळ

एलटीईमध्ये, म्हणजे फोरजीत, २० मेगाहर्ट्झचा कॅरिअर म्हणजे १०० रिसोर्स ब्लॉक. एक ब्लॉक १८० किलोहर्ट्झ रुंद, त्यात १५ किलोहर्ट्झच्या १२ उपवाहक लहरी. दर एका मिलिसेकंदाला शेड्युलर ठरवतो की हे १०० ब्लॉक कुणाला किती द्यायचे. सेकंदाला हजार वेळा हा निर्णय होतो.

आता एकच ब्लॉक, एकच मिलिसेकंद घेऊ. त्यात १२ लहरी गुणिले १४ चिन्हं (सिम्बॉल, वेळेचे छोटे तुकडे), म्हणजे १६८ जागा. पहिली तीन चिन्हं कंट्रोल चॅनेलला गेली की ३६ जागा कमी. दोन अँटेना पोर्टचे संदर्भ सिग्नल आणखी १२ जागा घेतात. उरल्या १२०. या १२० जागांत किती बिट मावतील हे फोनने कळवलेल्या सीक्यूआयवर ठरतं. सीक्यूआय म्हणजे फोनचा निरोप: "मला सध्या इतकं स्वच्छ ऐकू येतंय." तो १ ते १५ असतो, शून्य आला तर काहीच पाठवता येत नाही.

सीक्यूआय १५ असेल तर एका जागेत साधारण ५.५५ बिट. १२० जागांत ६६६. सीक्यूआय १ असेल तर एका जागेत ०.१५ बिट. त्याच १२० जागांत १८.

तोच ब्लॉक, तोच मिलिसेकंद, तीच वीज, आणि ६६६ विरुद्ध १८. फरक ३७ पटींचा. दोन अँटेनांवरून दोन स्वतंत्र प्रवाह पाठवता आले तर चांगल्या जागी बसलेल्याचे आणखी वाढतात, कडेच्या माणसाला मात्र ते सहसा जमत नाही.

म्हणून "सगळ्यांना समान वाटा" हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, समान काय? बिट समान, की वेळ समान? या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

दोघांची वाटणी, मग दहा जणांची

समजा सेलमध्ये दोघेच आहेत. एकटा असता तर पहिल्याला २० एमबीपीएस मिळाले असते, दुसऱ्याला २.

वेळ निम्मा-निम्मा वाटला, तर पहिल्याला १०, दुसऱ्याला १. सेलची बेरीज ११.

दोघांना समान वेग द्यायचा ठरवला, तर प्रत्येकाला १.८ च्या आसपास. बेरीज जेमतेम ३.६. दुसऱ्याचा वेग १ वरून १.८ झाला, त्यासाठी पहिल्याने ८ एमबीपीएस सोडले.

ज्याला सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं त्यालाच सगळं द्यायचं ठरवलं, तर बेरीज २० आणि दुसऱ्याला शून्य.

दहा जणांचं गणित याहून बोलकं आहे. आठ जण ४० एमबीपीएसच्या जागी, दोघे २ च्या जागी. वेळ समान वाटला तर आठ जणांना प्रत्येकी ४, दोघांना प्रत्येकी ०.२ ने मिळून ०.४, बेरीज ३२.४. वेग समान ठेवला तर दहाही जणांना ०.८३, बेरीज ८.३. हवेतला वेळ कोण खातंय पाहा: कडेचे दोघे मिळून ८३ टक्के. उरलेले आठ जण १७ टक्क्यांत दाटीवाटीने बसलेत.

सेल तोच, स्पेक्ट्रम तोच. नुसत्या वाटपाने ३२ चे ८ झाले. नवा कॅरिअर मागायच्या आधी शेड्युलर बघा असं मी म्हणतो ते यासाठी. हीच सेटिंग नव्या कॅरिअरवर कॉपी झाली, आणि ती होतेच, तर नवा कॅरिअरही त्याच वाटेने जातो. माझ्या तिसऱ्या "दुरुस्ती"चं हेच झालं होतं.

एका मिलिसेकंदात निर्णय कसा होतो

आज जवळपास सगळीकडे मुळाशी असतो तो प्रोपोर्शनल फेअर शेड्युलर. प्रत्येक वापरकर्त्यासाठी तो एक भागाकार करतो: या क्षणी मिळू शकणारा वेग भागिले आतापर्यंत मिळालेला सरासरी वेग. ज्याचा भागाकार मोठा, त्याचा नंबर.

अ जवळ बसलाय, आत्ता ३० एमबीपीएस घेऊ शकतो, सरासरी १५ मिळत आलेत. भागाकार २. ब लांब आहे, आत्ता ४ घेऊ शकतो, सरासरी १ मिळत आलाय. भागाकार ४. हा मिलिसेकंद ब ला जातो. अ चा वेग ब च्या साडेसात पट आहे, पण ब साठी हा क्षण त्याच्या नेहमीपेक्षा चौपट चांगला आहे, आणि तो वाया घालवायचा नाही. थोड्या वेळाने ब समोरून एखादं वाहन गेलं, त्याचा क्षणिक वेग १ वर आला, सरासरी १.१ आहे. भागाकार एकाच्याही खाली. आता अ चा नंबर.

या कल्पनेमागचा विचार सुंदर आहे. १९९५ साली नॉप आणि हम्ब्लेट या संशोधकांनी दाखवलं की एका सेलची एकूण क्षमता वाढवायची तर ज्याचा चॅनेल त्या क्षणी सर्वांत चांगला आहे त्यालाच बोलू द्यावं. रेडिओ चॅनेलचा चढउतार ही तोवर अडचण मानली जायची. इथे तीच संधी झाली. चार जणांचे चॅनेल सारख्याच सरासरीने, रॅले पद्धतीने (अनेक वाटांनी आलेल्या लहरी मिसळल्यावर होतात तसे) हलत असतील, तर चौघांपैकी त्या क्षणी सर्वोत्तम असलेल्याची सिग्नल शक्ती सरासरी २.०८ पट भरते. पण निव्वळ सर्वोत्तम निवडत गेलं तर लांबचा माणूस उपाशी राहतो. गणितज्ञ फ्रँक केली यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली प्रमाणबद्ध न्यायाची कल्पना आणि संशोधक डेव्हिड त्से यांचं काम यांतून वरचा भागाकार आला, आणि तो ईव्ही-डीओ या डेटासाठीच्या तंत्रात वापरला गेला. तिथे एक स्लॉट १.६७ मिलिसेकंदांचा होता. पुढे एचएसडीपीएने (थ्रीजीच्या वेगवान डेटा तंत्राने) शेड्युलर मागच्या कंट्रोलरमधून काढून थेट टॉवरपाशी आणला आणि २ मिलिसेकंदांना एक निर्णय घ्यायला लावला. चढउताराचा फायदा घ्यायचा तर निर्णय अँटेनाजवळच व्हायला हवा.

या पद्धतीत दीर्घकाळात सगळ्यांना साधारण सारखा वेळ मिळतो, आणि वर चांगले क्षण वेचल्याचा फायदा. माझ्या मते मोबाइल डेटाच्या इतिहासातली ही सर्वांत न्याय्य तडजोड आहे. मूळ रूपात ती राहिली तर संध्याकाळचा हा घोटाळा क्वचितच होतो. पण ती मूळ रूपात राहत नाही. शेड्युलरने नेमकं कसं निवडायचं हे थ्रीजीपीपीचं (मोबाइल तंत्राची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) मानक ठरवून देत नाही. ते उपकरण बनवणाऱ्यावर सोडलंय. म्हणून प्रत्येक उपकरणात त्या भागाकाराभोवती डझनभर खुंट्या असतात, आणि कधीतरी, कुणीतरी, चांगल्या हेतूने त्यातली एक पिळलेली असते.

माझ्या तिकिटात काय निघालं

पिळलेली खुंटी होती "किमान वेग". प्रत्येक साध्या डेटा वापरकर्त्याला निदान १ एमबीपीएस मिळालाच पाहिजे, अशी सेटिंग. कधीकाळी कडेच्या वस्तीतून तक्रार आली होती, त्यावर हा उपाय केला गेला. हेतू चांगलाच होता. कडेचा माणूसही पैसे भरतो, त्याचं पानही उघडलं पाहिजे.

आता वरचं गणित लावा. १ एमबीपीएस म्हणजे दर मिलिसेकंदाला १००० बिट. सीक्यूआय १५ वाल्याला त्यासाठी दीड ब्लॉक पुरतो. सीक्यूआय १ वाल्याला, १८ बिटांच्या हिशेबाने, ५६ ब्लॉक लागतात. शंभरातले छप्पन्न, एका माणसासाठी. असे दोघे एकाच वेळी आले की संपूर्ण २० मेगाहर्ट्झ संपला. सरासरी ठरलेल्या मर्यादेखाली गेली की शेड्युलर त्या वापरकर्त्याचं वजन वाढवत नेतो; दोघांचंही कधीच भरत नाही, म्हणून वजन वाढतच राहतं, आणि उरलेला सेल दाराशी ताटकळतो.

कॉल का चालत होते तेही इथेच उलगडतं. व्होल्टीच्या (एलटीईवरून होणाऱ्या कॉलच्या) आवाजाला क्यूसीआय (सेवेच्या दर्जाचा क्रमांक) १ मिळतो: हमीचा प्रवाह, १०० मिलिसेकंदांची मर्यादा. शेड्युलर तो आधी काढून ठेवतो. आवाज आहेच किती, २० मिलिसेकंदांना एक छोटं पॅकेट. म्हणून कॉल स्वच्छ आणि नेट ढिम्म.

मग ते दोघे-तिघे कोण, हे शोधायला मी ट्रेस (एकेका कनेक्शनची सविस्तर नोंद) लावला. रोज संध्याकाळी सीक्यूआय १-२ वर बसून सर्वांत जास्त ब्लॉक घेणारी तीन कनेक्शन्स निघाली. त्यांचा टायमिंग अॅडव्हान्स पाहिला. टॉवरपासूनचं अंतर त्यावरून कळतं; एलटीईत त्याची एक पायरी म्हणजे सुमारे ७८ मीटर अंतर. तिघांचाही आकडा आठवडाभर एका पायरीनेही हलला नव्हता. हे खिशातले फोन नव्हते. ही घरात ठेवलेली मोडेमं होती, आणि संध्याकाळी त्यावर व्हिडिओ चालत होता.

न हलणाऱ्या मोडेमचा आणखी एक त्रास असतो. त्याचा चॅनेल फारसा वर-खाली होत नाही, त्यामुळे प्रोपोर्शनल फेअरला वेचायला चांगले क्षणच मिळत नाहीत. वाईट तो सतत वाईट.

आमचा एक सहकारी त्यातल्या एका घरी गेला. मोडेम आतल्या खोलीत, टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात. घरातल्या आजोबांनी त्याला दिवे दाखवले: "हे बघा, रेंज तर पूर्ण आहे." होतीच. ते घर तीन सेलच्या सीमेवर होतं. तिन्हींचा सिग्नल जोरात पोचत होता आणि एकमेकांवर आदळत होता. रेंजच्या काड्या सिग्नल किती जोरात आहे तेवढं सांगतात, किती स्वच्छ आहे ते नाही. सहकाऱ्याने लांब वायर लावून मोडेम आमच्या टॉवरकडच्या खिडकीत नेला आणि मला फोनवर सीक्यूआयचे आकडे वाचून दाखवले. कपाटात एक. कपाटाबाहेर दोन. खिडकीच्या कडेला तीन. काचेशी, जरा वळवल्यावर, चार. आजोबांना म्हणाला, "आता हे इथेच राहू द्या."

सीक्यूआय १ चा ४ होणं म्हणजे साधारण सहा डेसिबलचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सीक्यूआय ४ ला एका जागेत ०.६० बिट जातात, म्हणजे ब्लॉकमागे ७२. त्याच १ एमबीपीएससाठी ५६ ऐवजी १४ ब्लॉक. एक मोडेम खिडकीत गेला आणि ४२ ब्लॉक बाकीच्यांना परत मिळाले. कुठलाही कॅरिअर इतक्या स्वस्तात मिळत नाही.

तुमच्या सेलमध्ये तपासायचं कसं

बिट प्रति ब्लॉक हा भागाकार सगळ्यांत आधी. एकूण पाठवलेले बिट भागिले वापरलेले ब्लॉक. दुपारी आणि संध्याकाळी तो सारखाच असेल, तर हा लेख तुमच्या उपयोगाचा नाही, गर्दीकडे जा. संध्याकाळी तो कोसळत असेल तर पुढे वाचा.

सीक्यूआयची सरासरी बघून फसू नका. इथे मी स्वतः फसलो. सीक्यूआयचे रिपोर्ट सगळे वापरकर्ते पाठवतात. दोनशे जणांचे चांगले आणि तिघांचे वाईट असतील तर सरासरी छानच दिसणार. बघायचं असतं ते ब्लॉक कुठल्या गुणवत्तेवर खर्च झाले ते. बहुतेक उपकरणांत प्रत्येक एमसीएसवर (एका जागेत किती बिट भरायचे त्या पायरीवर) किती ब्लॉक वापरले याचा काउंटर (मोजणीची नोंद) असतो. तो काढा. रिपोर्टच्या आलेखाचा उंचवटा १० वर आणि ब्लॉकच्या खर्चाचा उंचवटा तळाशी, असं दिसलं की चोर सापडला.

मग शेड्युलरची सेटिंग्ज. किमान वेग आहे का, कुणाला, किती. भागाकारातल्या अंशावर आणि छेदावर घातांक आहेत का. बऱ्याच उपकरणांत "न्याय" नावाची एक खुंटी असते, ती प्रत्यक्षात हे घातांक बदलते. छेदाचा घातांक शून्य केला तर सगळं जवळच्यांना जातं, अंशाचा शून्य केला तर समान वेगाकडे झुकतं. दोन्ही एक असले की मूळ प्रोपोर्शनल फेअर. शेजारच्या, तक्रार नसलेल्या सेलशी ही सेटिंग्ज ओळीने ताडून पाहा. मला फरक सापडला तो असाच.

सरासरीची खिडकी हीदेखील एक खुंटी आहे. सरासरी किती काळाची काढायची? ईव्ही-डीओत ती हजार स्लॉटच्या आसपास ठेवत. खिडकी फार छोटी केली तर सरासरी लगेच बदलते आणि शेड्युलर नुसता पाळीपाळीने वाटू लागतो; चांगले क्षण वेचण्याचा फायदा जातो. फार मोठी केली तर एखादा वापरकर्ता आपला चांगला क्षण येईपर्यंत बराच वेळ वाट पाहतो. बेरीज छान दिसते, पण गेम अडखळतो आणि व्हिडिओ कॉल तुटतो. "वेग आहे पण मधेच थांबतं" अशी तक्रार असेल तर इथे बघा. सरासरी शून्याजवळून सुरू होत असेल तर नव्याने आलेल्याचा भागाकार प्रचंड असतो, त्याला सुरुवातीला भरभरून मिळतं आणि मग वेग खाली येतो. स्पीड टेस्ट पहिल्या सेकंदाला उसळी मारून नंतर बसते, त्याचं एक कारण हे.

ब्लॉक रिकामे आणि तरी नेट हळू, हा प्रकार असेल तर कंट्रोल चॅनेलचे काउंटर काढा. कुणाला कुठले ब्लॉक दिले हे सांगायलाही जागा लागते. चांगल्या चॅनेलवाल्याला तो निरोप एका एककात पोचतो, कडेच्या माणसाला तोच निरोप आठ एककांत, पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. छोटी छोटी पॅकेटं मागणारे खूप जण असले की निरोपांची जागा आधी संपते आणि ब्लॉक पडून राहतात. इथे एका मिलिसेकंदात कमी जणांना पण मोठे तुकडे देणं उपयोगी पडतं.

पुनर्प्रेषणाचं (चुकलेला डेटा पुन्हा पाठवण्याचं) प्रमाणही बघून घ्या. पहिल्या प्रयत्नात दहा टक्के चुका होणं हे ठरवून ठेवलेलं असतं, त्याने घाबरू नका. ते त्याच्या बरंच वर असेल तर शेजारच्या सेलचा हस्तक्षेप शोधा, शेड्युलर नंतर.

दुरुस्ती

किमान वेग काढून टाका असं मी सांगणार नाही. काही जण तेच करतात, वर "बेस्ट चॅनेल" कडे झुकणारी सेटिंग लावतात, आणि दुसऱ्या दिवशी सेलचे आकडे देखणे दिसतात. ती सुधारणा कडेच्या घरांच्या जिवावर उभी असते. ज्यांचं पान उघडत नाही त्यांचा डेटा बेरजेत येतच नाही, म्हणून आलेखात त्यांचं नुकसान दिसत नाही. मला हे मान्य नाही.

मी केलं ते असं. किमान वेग १ एमबीपीएसवरून २५६ केबीपीएसवर आणला. सीक्यूआय १ वाल्याला त्यासाठी १४ ब्लॉक लागतात. मजकूर, पैशांचे व्यवहार, निरोप एवढं चालतं. उपकरणात सोय होती, म्हणून एका वापरकर्त्याने किमान वेगाच्या नावाखाली जास्तीत जास्त किती टक्के ब्लॉक घ्यायचे यावर वरची मर्यादाही घातली. घातांक पुन्हा एक-एक केले. सरासरीच्या खिडकीला हात लावला नाही, कारण एका वेळी दोन-तीन गोष्टी बदलल्या की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. प्रत्येक बदलानंतर पूर्ण आठवडा थांबलो. रविवारची संध्याकाळ आणि मंगळवारची संध्याकाळ वेगळी असते.

त्याच वेळी शेजारच्या दोन सेलचे आकडेही पाहत होतो. एका सेलमध्ये कडेच्या लोकांचा वेग कमी केला की ते कधीकधी शेजारी ढकलले जातात, आणि तक्रार नाहीशी न होता फक्त पत्ता बदलते.

आणि तीन मोडेमं हलवून घेतली. एका घरी खिडकी चुकीच्या बाजूला होती, तिथे बाहेर दिशादर्शी अँटेना लावायचा सल्ला दिला. हे काम शेड्युलरचं नाही असं कुणी म्हणेल. पण शेड्युलर फक्त वाटू शकतो, वाईट सीक्यूआयचा चांगला करू शकत नाही.

फाइव्हजी आल्याने हा प्रश्न मिटत नाही. १०० मेगाहर्ट्झ आणि ३० किलोहर्ट्झची मांडणी असेल तर २७३ ब्लॉक मिळतात, निर्णय अर्ध्या मिलिसेकंदाला होतो, एकाच ब्लॉकवर वेगवेगळ्या दिशांच्या अनेकांना पाठवता येतं. पण शेड्युलरला आता जोड्याही जुळवाव्या लागतात. एकाच दिशेला बसलेले दोघे एकमेकांवर आदळतात, त्यांची जोडी जमत नाही. गर्दी एका इमारतीत दाटली की ही वाढीव क्षमता बरीच आटते. भागाकार तोच आहे आणि त्याच्या खुंट्या आणखी वाढल्या आहेत.

काउंटर नाहीत, हातात फक्त फोन आहे

मग दोनच गोष्टी करा. पहाटे आणि रात्री नऊला, त्याच जागी, तोच फोन ठेवून वेग मोजा. पहाटेही वाईट असेल तर तुमची जागाच कडेची आहे. खिडकी, वरचा मजला, मोडेमची जागा बदलून पाहा. पहाटे उत्तम आणि रात्री मेलेलं असेल तर सेलमध्ये काहीतरी आहे. फोनमधलं सिग्नल दाखवणारं एखादं अॅप उघडून आरएसआरपी (सिग्नलचा जोर) आणि एसआयएनआर (सिग्नलची स्वच्छता) हे दोन आकडे दोन्ही वेळी टिपून ठेवा. पहिला आकडा चांगला आणि दुसरा शून्याच्या आसपास किंवा त्याखाली, म्हणजे आवाज मोठा आहे पण गोंगाटही तितकाच आहे. तक्रारीत "नेट स्लो आहे" एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, दोन्ही वेळचे वेग आणि हे दोन आकडे लिहा. अशी एक तक्रार माझ्यासारख्याचे दोन दिवस वाचवते.

आणि तुम्ही माझ्या बाजूच्या टेबलावर बसत असाल, तर चौथ्या तिकिटानंतरची माझी पद्धत अशी आहे: नव्या कॅरिअरच्या मागणीसोबत बिट प्रति ब्लॉकचा आलेख जोडायचा. संध्याकाळीही तो सपाट राहत असेल आणि ब्लॉक खरोखर भरलेले असतील, तर मागणी पुढे पाठवायची. आलेखात खड्डा असेल, तर आधी शेड्युलरची पानं उघडायची.